३४ टक्के घट आणि आमचा पोपट: रबर-स्टार्चच्या पिशवीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चार जणांची छोटी टीम, त्यातला मी टेस्टिंग बघणारा. नावं-गावं काढून टाकलीयेत, रेसिपीचे आकडे मात्र ठेवलेत कारण सगळा घोळ त्या आकड्यांतच होता आणि आम्हाला तो सहा महिने दिसला नाही.

काम असं होतं. रोपवाटिकेत रोपं काळ्या प्लॅस्टिक पिशवीत वाढवतात. लावताना पिशवी फाडून काढली तर मुळांना धक्का बसतो, न काढता लावली तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरत बसतात, आणि कसंही केलं तरी प्लॅस्टिकचे तुकडे मातीतच राहतात. म्हणून अशी पिशवी करायची की जी रोपासकट खड्ड्यात जाईल, मुळं तिच्यातून आरपार निघतील आणि मग ती कुजून जाईल. कच्चा माल ठरला नैसर्गिक रबराचा लॅटेक्स (झाडाचा चीक, ६० टक्के रबरवाला, अमोनिया घातलेला) आणि मक्याचा स्टार्च. दोन्ही झाडापासून आलेलं, दोन्ही जंतू खातात, कागदावर तर एकदम छान जोडी.

पहिली रेसिपी: १०० भाग सुकं रबर, ५० भाग स्टार्च, १० ग्लिसरीन, १.५ गंधक, २ झिंक ऑक्साइड, १ अ‍ॅक्सिलरेटर (क्युअर लवकर व्हायला), १ अँटिऑक्सिडंट (हवेने रबर खराब होऊ नये म्हणून). एकूण १६५ आणि वर थोडं. स्टार्च पाण्यात गरम करून त्याची खळ करायची, ती लॅटेक्समध्ये मिसळायची, साचा बुडवायचा, सुकवायचं, ओव्हनमध्ये क्युअर करायचं, म्हणजे गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या. कच्चा स्टार्च न टाकता खळ का केली तर खळीने ताकद बरी येते. रबर पाण्याला दूर ठेवतं आणि स्टार्च पाणी ओढतो, त्यामुळे दोघांची पकड मुळातच कच्ची, नुसते दाणे टाकले की दाण्याच्या कडेपासून फाटायला सुरुवात होते. खळ केली की स्टार्च पातळ होऊन रबराच्या कणांभोवती पसरतो आणि फिल्म एकसंध वाटते.

पिशवीकडून अपेक्षा काय तर गोदामात ६ महिने पडून राहायचं, मग रोपवाटिकेत ४ महिने रोजचं पाणी आणि ऊन झेलायचं, आणि त्यानंतर मात्र मातीत पटकन जायचं. एकाच मालाला आधी दहा महिने टिक म्हणायचं आणि अकराव्या महिन्यात कूज म्हणायचं. हे दोन्ही एकाच अँटिऑक्सिडंटकडून आणि एकाच गंधकाकडून मागणं किती विचित्र आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर शिजवलं ते वितळू-चिकटू नये म्हणून, आणि तेव्हापासूनचं बहुतेक रबरशास्त्र माल खराब होऊ नये याच दिशेने चाललेलं आहे. आम्ही त्याच पुस्तकांतून उलटं उत्तर शोधत होतो.

समस्या

मातीची टेस्ट म्हणजे आम्ही काय केलं तर पट्ट्या कापल्या, वजन केलं, जाळीच्या पिशवीत घालून कुंड्यांमध्ये पुरल्या, माती ओलसर ठेवली. ९० दिवसांनी काढल्या, ब्रशने माती झाडली, सुकवल्या आणि वजन केलं. घट ३४ टक्के. तीन महिन्यांत एक तृतीयांश माल गायब म्हणजे वर्षभरात संपणार, असं सरळ गणित मांडलं, आमच्या मॅडमनी त्याचा ग्राफही केला, रेघ पुढे ओढली आणि ती नवव्या महिन्याच्या आसपास शून्याला टेकली. सगळे खूश. पत्रकावर "संपूर्ण विघटनशील" छापायला टाकायचंच बाकी होतं.

१८० दिवसांच्या पट्ट्या काढल्या. घट ३६ टक्के.

पहिल्या तीन महिन्यांत ३४ आणि पुढच्या तीन महिन्यांत फक्त २. मला आधी वाटलं माती नीट झाडली गेली नाही (हे होतं बरं का, छिद्रांमध्ये माती अडकते आणि घट कमी दिसते), परत धुतल्या, परत सुकवल्या, तोच आकडा. मग एक पट्टी हातात घेतली आणि ताणली. पांढरट, हलकी, स्पंजसारखी झालेली, पण ताणली की लांब होत होती आणि सोडली की परत जागेवर. भिंगाखाली धरली तर सगळीकडे बारीक बारीक भोकं आणि भोकांमधलं रबर मस्त शाबूत.

तेव्हा कुठे रेसिपी परत काढली. १६५ पैकी स्टार्च ५० आणि ग्लिसरीन १०, मिळून ६०, म्हणजे ३६ टक्के. आमची सगळीच्या सगळी घट ही स्टार्च आणि ग्लिसरीनची होती! ग्लिसरीन तर कुणी खायचीही गरज नव्हती, पहिल्या पाण्यालाच ते विरघळून निघून गेलं असणार. रबराला कुणी हात लावलेला नव्हता. ही बेरीज पाचवीच्या पोराने केली असती, आम्ही केली नाही.

एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखायची चाचणी) काढलं त्यातही तेच, १००० ते ११५० च्या पट्ट्यातली स्टार्चची रुंद टेकडी जवळपास सपाट झालेली आणि ८४० च्या अलीकडचा रबराचा पीक ताठ उभा.

हे चालू असतानाच दुसरीकडून दोन तक्रारी आल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकींच्या उलट. गोदामातल्या पिशव्या चौथ्या महिन्यात कडक झाल्या, घडीवर दाबलं की बारीक तडे जायला लागले. आणि एका रोपवाटिकेतून फोन आला, "अहो साहेब, तुमची पिशवी हाताला चिकटतेय, उचलली की गळ्यापासून फाटतेय, आम्ही काय करायचं?" तिथे फक्त सहा आठवडे झाले होते. त्याच लॉटच्या पिशव्या दुसऱ्या रोपवाटिकेत ठणठणीत.

म्हणजे जिथे टिकायला हवं तिथे टिकत नाही आणि जिथे जायला हवं तिथून हलत नाही, असा सगळा उलटा कारभार.

कारणं कशी सापडली

कडकपणाचं कारण तसं लवकर कळलं. शिजवलेला स्टार्च पडून राहिला की त्याच्या साखळ्या परत एकमेकींना धरून स्फटिक करायला लागतात, याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. त्यात ग्लिसरीन हळूहळू पृष्ठभागावर सरकतं, पॅकिंगच्या कागदात जातं, हवा कोरडी असेल तर स्टार्चमधलं पाणीही जातं. मऊ ठेवणारं सगळं निघून गेलं की मागे राहतो तो कडक स्टार्च. यात रबराचा काहीच दोष नव्हता आणि आम्ही मात्र रबर म्हातारं झालं समजून अँटिऑक्सिडंट वाढवायच्या गोष्टी करत होतो.

मग प्रश्न आला की हे आमच्या एजिंग टेस्टमध्ये का दिसलं नाही. टेस्ट केली होती की, आयएसओ १८८ प्रमाणे ७० अंशांना सात दिवस, मग टेन्साइल (पट्टी ओढून ताकद मोजणं). निकाल इतका छान होता की ताकद कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढलीच होती. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण म्हातारं होऊन कुणी पहिलवान होत नाही. झालं असं की ७० अंशांना स्टार्चमधलं पाणी उडालं, फिल्म कडक झाली, शिवाय राहिलेल्या गंधकाने थोडं जास्त क्युअर केलं, आणि या दोन्हींनी मिळून रबराचं जे काही खरं नुकसान झालं असेल ते झाकून टाकलं. ओव्हनमधून काढल्यावर नमुने २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ठेवून पाणी परत घेऊ द्यायचं आणि मगच ओढायचं, हे आम्ही केलं नव्हतं, गरम पट्ट्या गार झाल्या की लगेच मशीनवर. त्यातून भर म्हणजे अँटिऑक्सिडंट असलेल्या आणि नसलेल्या पट्ट्या एकाच ओव्हनमध्ये टांगल्या होत्या. अँटिऑक्सिडंट गरम हवेतून एका नमुन्यातून दुसऱ्यात जातं, त्यामुळे "नसलेल्या" पट्टीलाही शेजारणीकडून उसनं मिळत होतं.

स्टार्च असलेल्या रबराला ओव्हन टेस्ट तशीही नीट लागू पडत नाही असं माझं मत झालंय. साध्या रबराला तापमान वाढवलं की ऑक्सिडेशन जोरात होतं आणि त्यावरून साध्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. इथे ७० अंश म्हणजे मक्याचा स्टार्च ओलसर असेल तर त्याच्या शिजण्याच्याच आसपासचं तापमान. म्हणजे आपण म्हातारपण लवकर आणत नाही, वेगळाच पदार्थ बनवत असतो.

चिकटपणाचं कारण शोधायला मात्र महिना गेला. लॉट तोच, ऊन साधारण तेच, पाणी तेच. शेवटी मी स्वतः दोन्ही रोपवाटिकांना काय काय फवारता त्याची यादी मागितली, आणि पहिल्यांनी रोपं कुजू नयेत म्हणून मातीत दोनदा कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) ओतलं होतं. तांबं म्हणजे रबराचं विषच. रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, ऑक्सिजन त्यांच्या शेजारी बसून पेरॉक्साइड बनवतो, आणि तांबं, मँगनीज, लोह यांचे आयन त्या पेरॉक्साइडला भराभर फोडतात आणि साखळी तुटत जाते. नैसर्गिक रबरात हे जोडण्यापेक्षा तुटणं आधी जास्त होतं म्हणून ते पहिल्यांदा मऊ आणि चिकट होतं, कडक-ठिसूळ पुढे कधीतरी. लॅटेक्स विकत घेताना तांब्याची मर्यादा किलोला ८ मिलिग्रॅम लिहिलेली असते ती याचसाठी. आम्ही येणाऱ्या लॅटेक्सचं तांबं इमानदारीत तपासत होतो आणि तिकडे पिशवीत बादलीने तांबं ओतलं जात होतं.

खात्री करायला पट्ट्यांचे दोन गट केले, एक साध्या पाण्यात आणि एक कॉपरच्या पातळ द्रावणात बुडवून सुकवला, दोन वेगळ्या ओव्हनमध्ये ठेवले. तिसऱ्या दिवशी कॉपरवाली पट्टी चिमट्याला चिकटून लोंबायला लागली.

पर्याय

आता बसलो ठरवायला. इथे भांडणं झाली, तीही लिहितो.

पहिला विचार होता स्टार्च वाढवायचा. याच्यामागे एक चांगलं भौमितिक कारण आहे. स्टार्चचे दाणे रबरात विखुरलेले असतील आणि प्रत्येकाभोवती रबराची भिंत असेल तर जंतू बाहेरचे दाणे खातात आणि थांबतात. दाणे एकमेकांना लागून सलग वाट तयार झाली तरच आतपर्यंत पोचता येतं, आणि ती वाट साधारण ३० टक्के घनफळाच्या आसपास तयार होते. लक्ष द्या, घनफळाच्या, वजनाच्या नाही. स्टार्चची घनता १.५ आणि रबराची ०.९२, त्यामुळे आमचे ५० भाग म्हणजे घनफळात जेमतेम २२ टक्के. ३० ला पोचायला ७० भाग लागतात. (आमच्या पट्ट्यांमधला स्टार्च २२ टक्क्यांनाही गेलाच होता, कारण पट्टी पातळ आणि खळ पसरलेली, पण जाड गळ्याच्या ठिकाणी आत शिल्लक होता हे नंतर आयोडीन टाकून बघितलं तेव्हा कळलं, मधोमध निळी रेघ.) तोटा असा की ताकद अजून पडणार. आणि मुख्य म्हणजे स्टार्च गेला म्हणून रबर जातं असं नाही, फक्त जंतूंना आणि ऑक्सिजनला जास्त पृष्ठभाग मिळतो.

दुसरा पर्याय, गंधक आणि झिंक कमी करणं. रबर खाणारे जंतू आहेत, यात शंका नाही. सोन्गन आणि फोल या संशोधकांनी १९१४ मध्येच जंतू रबर खातात हे दाखवलं होतं. स्ट्रेप्टोमायसीस, गॉर्डोनिया या मंडळींकडे रबराची साखळी कापणारी एन्झाइम्स असतात, त्यातल्या एकीचं नावच "लॅटेक्स क्लिअरिंग प्रोटीन" आहे. ती दुहेरी बंधावर ऑक्सिजन लावून साखळी तोडते आणि टोकांना अल्डिहाइड आणि कीटोन सोडते. पण साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असल्या की काम अवघड होतं, आणि झिंक, अ‍ॅक्सिलरेटर ही जंतूंना फारशी मानवणारी गोष्ट नाही. आमची पिशवी बिचारी मोटारीची ट्यूब असल्यासारखी क्युअर केली होती. तिला फक्त दोन-तीन किलो माती धरायची होती.

तिसरा पर्याय अँटिऑक्सिडंट काढूनच टाकणं. यावर प्रॉडक्शनवाले भडकले, गोदामात सडेल म्हणाले, आणि ते चूक नव्हते. याच वेळी टायरवालं जास्त जोरदार अँटिऑक्सिडंट, ६पीपीडी, वापरायची सूचनाही एकाने केली होती, म्हणजे निदान कमी प्रमाणात भागेल. ती मी हाणून पाडली. त्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन जो क्विनोन बनतो तो कोहो सामन माशांना मारतो हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय. जी वस्तू मुद्दाम मातीत मिसळायला बनवतोय तिच्यात हे घालायचं?

चौथा, आणि सगळ्यात मोहात पाडणारा: कोबाल्ट किंवा मँगनीजचं स्टिअरेट टाकायचं. म्हणजे ऑक्सिडेशन आपोआप जोरात. एका रोपवाटिकेत तांब्याने जे नकळत केलं ते आपण ठरवून करायचं. दोन दिवस मीसुद्धा या बाजूने होतो, कारण चिमट्याला लोंबणारी ती पट्टी डोळ्यासमोर होती. पण तुकडे होणं वेगळं आणि कुजणं वेगळं. प्लॅस्टिकमध्ये हाच खेळ ऑक्सो-डिग्रेडेबल नावाने झाला आणि युरोपियन युनियनने २०२१ पासून ती प्लॅस्टिक्स विकायलाच बंदी घातली. शिवाय ही घड्याळं बनवल्या दिवसापासून चालू होतात, गोदामातही. खोडलं.

पाचवा पर्याय मॅडमचा होता आणि तेव्हा तो पळपुटेपणा वाटला: रबर कुजवायच्या मागे न लागता पिशवी पातळ करा, बाजूने चिरा द्या, मुळं बाहेर गेली की काम झालं, आणि दावा तेवढाच करा.

काय केलं

शेवटी दुसरा, पाचवा आणि थोडा पहिला असं मिश्रण झालं.

स्टार्च ७० भाग, पण खळ न करता कच्चे दाणे. शिजवलाच नाही तर परत स्फटिक होण्याचा प्रश्नच कमी, आणि ग्लिसरीनही लागत नाही. ताकद कमी झाली ती मान्य केली, कारण आधीची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती हे वजन टांगून बघितल्यावर कळलं (हे पहिल्या आठवड्यात करायचं काम). गंधक ०.७, झिंक ऑक्साइड ०.५, अ‍ॅक्सिलरेटर निम्मा. अँटिऑक्सिडंट फिनॉल प्रकारातलं, ०.३ वर आणलं.

आणि मग गोदामाचं काय? इथे प्रॉडक्शनच्याच एका मुलाने विचारलं, "सर, पण सहा महिने सांभाळायचंय ना फक्त, मग ते रबरातच कशाला घालायचं, पाकिटात घाला की." इतकं साधं. हवाबंद, काळं पाकीट, आतमध्ये आर्द्रता ठरावीक राखणारी छोटी पुडी. नवा ऑक्सिजन नाही, प्रकाश नाही, पाणी उडत नाही. पाकीट फोडलं की घड्याळ सुरू. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो केमिस्ट लोकांकडून आलेला नाही.

कच्च्या दाण्यांनी एक नवीन भानगड केली. दाणे जड, लॅटेक्स हलका, त्यामुळे टाकीत तळाला साका बसायचा. बुडवलेल्या साच्याचा खालचा भाग स्टार्चने भरलेला आणि गळ्याकडे नुसतंच रबर. हात फिरवला तर तळाशी खरखरीत, वर गुळगुळीत. टाकी हळू ढवळत ठेवली, लॅटेक्स जरा दाट केला, फरक कमी झाला पण गेला नाही. जोरात ढवळलं तर फेस होतो आणि लॅटेक्सच्या गाठी धरतात, त्यामुळे तिथेच थांबलो.

टेस्टिंग पूर्ण बदललं. वजन बघणं बंद नाही केलं पण त्याच्यावर विश्वास ठेवणं बंद केलं. मातीची टेस्ट आयएसओ १७५५६ च्या धर्तीवर, बंद बाटलीत माती आणि नमुना, निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा, शेजारी एक नुसत्या मातीची बाटली आणि एक सेल्युलोजची. सेल्युलोजने ६० टक्के ओलांडले नाहीत तर ती टेस्ट बाद धरायची, कारण मग मातीच मेलेली आहे.

आणि आता बेरीज आधी केली. स्टार्चमध्ये कार्बन ४४ टक्के, रबरात ८८. म्हणजे जुन्या रेसिपीत स्टार्च आणि ग्लिसरीन मिळून वजनाचे ३६ टक्के असले तरी कार्बनचे फक्त २३ टक्के होतात. वजनाच्या ग्राफने आम्हाला एक तृतीयांश दाखवलं होतं, कार्बनच्या हिशेबात ते पाव भागसुद्धा नव्हतं. नव्या रेसिपीत स्टार्चचा कार्बनमधला वाटा २६ टक्के. ही रेघ ग्राफवर लाल पेनाने आधीच ओढून ठेवली. आकडा त्या रेघेच्या खाली असेपर्यंत कुणीही आनंद करायचा नाही असं ठरलं.

जोडीला दोन साध्या गोष्टी. टोल्युइन या द्रावकात पट्टी फुगवून बघायची, जास्त फुगली म्हणजे जोड सैल झालेत, विरघळून जास्त बाहेर आलं म्हणजे साखळ्या तुटल्यात. आणि शिफ रिएजंट. धुतलेल्या पट्टीवर टाकलं की जिथे अल्डिहाइड तयार झालेत तिथे जांभळा रंग येतो. पहिल्यांदा जेव्हा भोकांच्या कडेकडेने जांभळ्या रेषा उमटल्या तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण तोपर्यंत रबरावर काहीतरी चाललंय याचा एकही थेट पुरावा आमच्याकडे नव्हता. अर्थात उन्हाने ऑक्सिडेशन झालं तरी अल्डिहाइड येतातच, म्हणून अंधारात ठेवलेली आणि निर्जंतुक मातीतली पट्टीही बरोबर रंगवायची. निर्जंतुक मातीतली फिकट गुलाबी, जिवंत मातीतली गडद. तेवढा फरक पुरेसा होता.

निकाल

१८० दिवसांनी नव्या पिशवीचा आकडा आला ३८ टक्के. लाल रेघ २६ ला. म्हणजे वरचे १२ रबराचे, रबराच्या स्वतःच्या कार्बनपैकी साधारण सहावा हिस्सा. हाही ताणून धरायचा आकडा नाही. एकीकडे स्टार्चचा सगळा कार्बन हवेत जात नाही, काही जंतूंच्या अंगात राहतो, त्यामुळे रबराचा वाटा जास्तही असेल. दुसरीकडे आयतं खायला मिळालं की मातीतले जंतू मातीतला जुना कार्बनही जास्त खातात, त्यामुळे कमीही असेल. पण शून्य नाही, आणि ग्राफ सपाट झालेला नाही, हळूहळू चढतोय.

कंपोस्टवर जायचा विचार सोडून दिला. औद्योगिक कंपोस्टची टेस्ट ५८ अंशांना होते आणि तिथे सहा महिन्यांत ९० टक्के लागतात. रबर खाणाऱ्या जंतूंपैकी बरेचसे ३० अंशांच्या आसपास सुखी असतात, ५८ ला त्यांना बोलावण्यात अर्थ नव्हता. आणि आपली पिशवी कंपोस्टमध्ये जाणारच नव्हती, खड्ड्यात जाणार होती.

प्रत्यक्ष वापरात पिशवी चांगली निघाली. गोदामात सहा महिन्यांनी पाकीट फोडलं तर मऊ. रोपवाटिकेत चार महिने टिकली, फक्त कॉपरची फवारणी पानांवर करा पिशवीत ओतू नका असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं. लावल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चिरांमधून मुळं बाहेर, आणि सहाव्या महिन्यात उकरलं तर तळाचा भाग बोटांत कुस्करला जायचा. गळा मात्र कडं होऊन तसाच. साका बसण्याचा परिणाम, वर स्टार्च कमी. मग गळ्याला पण चीर दिली, म्हणजे खोडाला फास बसायला नको.

पत्रकावरून "संपूर्ण विघटनशील" गेलं. त्याजागी "मुळं आरपार जातात, काढावी लागत नाही, पूर्ण कुजायला मातीनुसार काही वर्षं लागतात" असं आलं. विक्री बघणारा नाराज झाला. एका मोठ्या ग्राहकाला तो शब्दच हवा होता, तो गेला.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी स्टार्च नसलेल्या रबराची पट्टी पहिल्याच दिवशी शेजारी पुरेन. ती असती तर ९० व्या दिवशीच कळलं असतं. तिची घट शून्य दिसली असती आणि कुणीतरी विचारलं असतं की मग ३४ कुठून आले. कंट्रोल नमुना पुरायला फक्त एक कुंडी लागते, आम्ही ती वाचवली आणि सहा महिने घालवले.

रेघ पुढे ओढायची नाही. दोन पदार्थांचं मिश्रण असेल तर विघटनाचे वेगही दोन असतात, पहिल्या पदार्थाच्या वेगाने दुसऱ्याचं भविष्य सांगता येत नाही. निदान चार-पाच वेळेचे बिंदू हवेत, आमच्याकडे सुरुवातीला होते दोन, त्यातला एक शून्य दिवसाचा.

ओव्हनसोबत एक पट्टी साध्या खोलीत खिळ्याला टांगायची, पहिल्या दिवसापासून. ओव्हनने सात दिवसांत खोटं सांगितलं, खिळ्यावरच्या पट्टीने चार महिन्यांत खरं सांगितलं असतं, आणि तिला काहीच करावं लागत नाही.

वापरणाऱ्याला काय फवारता हे रेसिपी ठरवायच्या आधी विचारायचं, तक्रार आल्यावर नाही. दाण्याचा आकारही मी परत बघेन, तांदळाचा स्टार्च मक्यापेक्षा बराच बारीक असतो, तो टाकीत कमी बसला असता आणि गळ्याचा प्रश्न कदाचित आलाच नसता. हे सुचलं तेव्हा साचे आणि टाकी मक्याच्या हिशेबाने बसवून झाली होती.

ती नुसत्या रबराची पट्टी आम्ही दुसऱ्या फेरीत पुरली, जुन्या क्युअरची, गंधक १.५ वाली. परवा, दीड वर्षाने, उकरली. वरून काळपट पडलीये, एका कडेला दोन-तीन बारीक खड्डे. धुतली, ताणली आणि सोडली तर फट्‌कन माझ्याच बोटाला लागली.